भुकेशी बांधलेला आनंद

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या दवाखान्यात मी विद्यार्थिनी असताना काही दिवस बसले होते. पेशंट बाकावरून उठून समोर आला की नाडी धरता धरता ते तीन प्रश्न विचारत. 'जेवण जातं का? झोप लागते का? कशात मन लागतं का?' पेशंट तापाचा असो, सांधेदुखीचा असो, की बोट कापून घेऊन आलेला असो, हे तीन प्रश्न कधी चुकत नसत. ही बोलणे सुरू करण्याची त्यांची रीत असावी, असे मला तेव्हा वाटे. पुढे मी औषधशास्त्र शिकवू लागले, गेल्या साठ वर्षांतले भुकेचे संशोधन वाचत गेले, आणि भूक, झोप व मन या तिन्हींना आतून जोडणारा एक धागा आपल्या शरीरात खरोखरच आहे, हे माझ्या लक्षात आले. आज त्या धाग्याविषयी बोलायचे आहे.

शास्त्रज्ञ त्याला एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. कॅनाबिस म्हणजे भांगेचे झाड आणि एंडो म्हणजे आतले. भांगेतल्या द्रव्यासारखे काम करणारी रसायने आपले शरीर स्वतःच तयार करते. ती रसायने, ती ज्यांना जाऊन चिकटतात ते रिसेप्टर, आणि काम झाल्यावर त्यांचा निचरा करणारी विकरे, हे सगळे मिळून ही यंत्रणा होते.

आधी एक ओळखीचे दृश्य डोळ्यांसमोर आणू. लग्नाची पंगत आहे. वरणभात झाला, मसालेभात झाला, मठ्ठ्याची वाटी रिकामी झाली. पोट भरल्याचा निरोप आतड्यांनी मेंदूला केव्हाच पोहोचवला आहे. इतक्यात जिलब्यांचे ताट घेऊन यजमान समोर उभे राहतात. नको नको म्हणताना एक जिलबी पानात पडते, ती संपते, आणि आग्रह झाला तर दुसरीही जाते. ती दुसरी जिलबी आपण कोणत्या भुकेने खाल्ली? शरीराला ऊर्जेची गरज नव्हती. तरी हात पानाकडे गेला, आणि जिभेला ती गोडही लागली. ऊर्जेची भूक आणि आनंदाची भूक अशा दोन भुका आपल्यात शेजारी शेजारी नांदतात. त्या दोघींमधल्या भिंतीत एक दार आहे, आणि त्या दाराशी ही यंत्रणा उभी आहे.

भांगेने भूक लागते, हे आपल्याकडे जुने ज्ञान आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात भांगेच्या गुणांमध्ये ती पाचक असल्याचे सांगितले आहे. होळीला किंवा महाशिवरात्रीला जिथे भांग घोटली जाते, तिथे नंतर मिठाईच्या ताटांचे काय होते हे सर्वांना माहीत असते. अमेरिकेत 1988 मध्ये फोल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिले. काही पुरुष स्वयंसेवकांना त्यांनी प्रयोगशाळेतच राहायला ठेवले आणि गांजा ओढण्यापूर्वीचे व नंतरचे त्यांचे खाणे नोंदवले. खाण्यातल्या कॅलरी सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मुख्य जेवणे फारशी वाढली नाहीत. वाढले ते अधले-मधले, विशेषतः गोड खाणे. आपल्या पंगतीतली दुसरी जिलबी ती हीच.

पण हे घडते कसे, याचे उत्तर मिळायला फार वेळ लागला. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले. भांगेतला नशा आणणारा घटक मात्र हाती येत नव्हता, कारण तो स्फटिकरूपात मिळत नाही. तेलकट, चिकट आणि अनेक भावंडांत मिसळलेला असतो. 1964 मध्ये इस्रायलमधील रेहोव्होत येथील वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी तो शुद्ध रूपात मिळवला आणि त्याची रचना निश्चित केली. तोच टीएचसी. या संशोधनासाठी मेशुलाम यांनी पोलिसांनी जप्त केलेले पाच किलो चरस मागून आणले होते आणि ते पिशवीत घालून साध्या बसने प्रयोगशाळेपर्यंत नेले होते. बसमधले प्रवासी हा वास कसला म्हणून चौकशी करत होते, अशी आठवण ते सांगत असत.

पुढचा प्रश्न अधिक खोल होता. एका झाडातले द्रव्य माणसाच्या मेंदूवर इतके नेमके काम करते, तर त्यासाठी मेंदूत जागा आधीच तयार असली पाहिजे. 1988 मध्ये सेंट लुईस येथे ॲलिन हॉवलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत ती जागा असल्याचे दाखवले, आणि 1990 मध्ये लिसा मात्सुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे जनुक शोधून काढले. हा रिसेप्टर सीबी-वन या नावाने ओळखला जातो. मेंदूत त्याच्या जातीचे जे रिसेप्टर आहेत, त्यांत संख्येने सर्वांत जास्त असणाऱ्यांमध्ये त्याची गणना होते. 1993 मध्ये त्याचे भावंड, सीबी-टू, सापडले. ते मुख्यतः रोगप्रतिकाराच्या पेशींमध्ये असते.

निसर्गाने हे रिसेप्टर भांग पिणाऱ्यांसाठी घडवले असतील, हे संभवत नाही. कुलूप आहे म्हणजे घरातली किल्लीही असणार. 1992 मध्ये मेशुलाम, डिव्हेन आणि चेक रसायनशास्त्रज्ञ लुमीर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून ती किल्ली मिळवली. स्निग्ध पदार्थांतून तयार होणारा तो एक लहानसा रेणू होता. त्याचे नाव ठेवताना त्यांनी संस्कृतातला शब्द घेतला आणि त्याला 'आनंदामाइड' म्हटले. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या, प्रत्येक माणसाच्या डोक्यात असणाऱ्या रेणूच्या नावात आपल्या रोजच्या बोलण्यातला आनंद आहे, हे मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावे. 1995 मध्ये दुसरी किल्ली मिळाली. तिला टू-एजी म्हणतात. मेंदूत तिचे प्रमाण आनंदामाइडपेक्षा कितीतरी जास्त असते.

या रेणूंची काम करण्याची तऱ्हा आगळी आहे. इतर बहुतेक मेंदू-रसायने आधी तयार करून साठवून ठेवलेली असतात. ही रसायने पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यापासून गरज पडेल तेव्हा, पडेल तिथे तयार होतात आणि काम झाले की लगेच मोडली जातात. त्यांचा प्रवासही उलटा असतो. साधारणपणे निरोप पाठवणाऱ्या चेतापेशीकडून निरोप घेणाऱ्या पेशीकडे रसायन जाते. इथे घेणारी पेशी पाठवणारीला उलट कळवते, 'पुरे, आवाज कमी कर.' 2001 मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक-गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केले. म्हणजे ही यंत्रणा मेंदूतल्या गलबल्याला आवर घालते. भीती वाजवीपेक्षा वाढली की ती खाली आणते, ताण आला की तो उतरायला मदत करते. 2002 मध्ये जोव्हानी मार्सिकानो यांच्या गटाने सीबी-वन नसलेले उंदीर तपासले. एका आवाजासोबत धक्का बसण्याची त्यांना सवय झाली होती. पुढे धक्का बंद झाला, तरी त्यांची त्या आवाजाची भीती लवकर जाईना. भीती विसरण्यासाठीही ही यंत्रणा लागते. हे कृपया स्मरणात ठेवा. पुढे एका औषधाची गोष्ट सांगायची आहे, तिथे हे लागेल.

आता भुकेकडे येते. उपाशी उंदराच्या मेंदूत टू-एजी वाढते आणि खायला मिळाले की उतरते, असे टिम कर्कहॅम आणि व्हिन्चेन्झो दी मार्झो यांनी 2002 मध्ये दाखवले. त्याआधीच्या वर्षी दी मार्झो आणि जॉर्ज कुनोस यांनी आणखी एक दुवा जोडला होता. लेप्टिन हे आपल्या चरबीतून निघणारे हार्मोन आहे. साठा पुरेसा आहे, आता खाणे थांबव, असा निरोप ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देते. हे लेप्टिन तिथली आनंदामाइड व टू-एजीची पातळी खाली आणते. लेप्टिनचा निरोप पोहोचेनासा झाला की ही रसायने वर जातात आणि भूक चालू राहते.

हायपोथॅलॅमस हा हिशेब ठेवणारा भाग. गोडी ठरवणारा भाग वेगळा आहे, त्याला न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स म्हणतात. 2007 मध्ये केन्ट बेरिज यांच्या गटाने उंदरांच्या या भागात आनंदामाइडचा सूक्ष्म थेंब सोडला. त्यानंतर साखरेचे पाणी तोंडात पडताच उंदीर ओठ चाटण्याच्या, म्हणजे आवडल्याच्या, खुणा पूर्वीपेक्षा जास्त करू लागले. गोड तेवढेच होते, गोडी वाढली होती. 2014 मध्ये उंदरांत असे दिसले की उपाशीपोटी वास जास्त तीव्र येतो तोही याच यंत्रणेमुळे. फोडणीचा वास भुकेल्या माणसाला चार घरांपलीकडून येतो, यामागेही नाकाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातले सीबी-वन असावेत.

आतड्यांमध्येही हीच रसायने आहेत. 2011 मध्ये डॅनियल पिओमेली यांच्या गटाने उंदरांना स्निग्ध पदार्थ फक्त चाखायला दिला, पोटात जाऊ दिला नाही. जिभेला तूप-तेल लागताच लहान आतड्यात एंडोकॅनाबिनॉइड वाढली. साखर किंवा प्रथिने चाखून तसे झाले नाही. स्निग्ध पदार्थ दिसला की सोडू नकोस, अशी ही आज्ञा आहे. अन्न दुर्मीळ होते त्या हजारो पिढ्यांत याच आज्ञेने माणूस जगला. आज तळणीची कढई प्रत्येक नाक्यावर आहे आणि आज्ञा मात्र बदललेली नाही.

या यंत्रणेचे जगण्याशी नाते किती मुळातले आहे, याचा पुरावा एस्टर फ्रीडे आणि मेशुलाम यांच्या प्रयोगात मिळतो. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांचे सीबी-वन त्यांनी औषध देऊन बंद केले. पिल्ले आईला लुचेनात, आणि काही दिवसांत मेली. आईचे दूध पुढ्यात होते, पण ते ओढून घेणेच त्यांना जमेना. माणसाच्या दुधातही ही रसायने असतात. आयुष्यातला पहिला घोट घ्यायला लावणाऱ्या शक्तींत ही एक असावी. म्हणून खाण्याची ओढ हा चारित्र्यातला दोष समजणाऱ्यांनी आधी या पिल्लांची आठवण करावी.

आता स्थूलतेविषयी. सीबी-वन फक्त मेंदूत असते तर गोष्ट सोपी होती. ते यकृतात आहे, चरबीच्या पेशींत आहे, स्नायूंत आहे. 2005 मध्ये कुनोस यांच्या गटाने दाखवले की यकृतातले सीबी-वन चेतवले की यकृत जास्त चरबी तयार करू लागते. म्हणजे हीच यंत्रणा मेंदूतून खायला लावते आणि यकृतातून साठवायला लावते. युरोप आणि कॅनडातल्या अभ्यासांत असे आढळले की ज्यांच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती, चरबी साठली आहे, त्यांच्या रक्तात टू-एजी जास्त असते. चरबी वाढली की यंत्रणा जास्त चेतते आणि यंत्रणा चेतली की साठवण वाढते, असे हे चक्र आहे. एकदा त्यात सापडलेल्या माणसाला 'थोडे कमी खा' एवढे सांगणे म्हणजे पुरात सापडलेल्याला काठावरून 'बाहेर ये' म्हणणे आहे.

पोटातल्या चरबीचा मुद्दा आपल्याला जास्त लागू आहे, आणि हे आपल्याच पुण्याने जगाला दाखवले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून जो अभ्यास चालवला, त्यात तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ते 3.5 किलो होते. आपली बाळे स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत कमी पडत होती. चरबीत मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3. युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असतात, हे त्या एका चित्राने सांगितले. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्याइतकीच कंबरेची टेपही महत्त्वाची आहे.

आता त्या औषधाची गोष्ट. 1994 मध्ये फ्रान्समधल्या सनोफी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सीबी-वनला कुलूप घालणारा रेणू जाहीर केला. पुढे त्याचे नाव रिमोनाबँट ठेवण्यात आले. विचार सरळ होता. सीबी-वन चेतवल्याने भूक वाढते, तर ते बंद केल्याने ती कमी होईल. तशी ती झालीही. 'रिओ-युरोप' नावाच्या चाचणीत 1,507 लोक होते आणि तिचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज 20 मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी 6.6 किलोने उतरले. तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचे 1.8 किलोने. कंबर बारीक झाली, रक्तातली चरबी सुधारली. जून 2006 मध्ये युरोपने परवानगी दिली. स्थूलतेवर गोळी सापडली, असा आनंद जगभर झाला.

पण ज्या दारातून भूक येते त्याच दारातून समाधानही येते. दार लावले तेव्हा दोन्ही बाहेर राहिली. चाचण्यांत औषध घेणाऱ्यांना उदासीनता, चिंता, झोपमोड जास्त जाणवू लागली. मुळात या चाचण्यांत नैराश्याच्या रुग्णांना घेतलेच नव्हते. म्हणजे धडधाकट मनाच्या माणसांतही हे घडत होते. जून 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने मतदान केले. 14 पैकी 14 मते विरोधात पडली आणि अमेरिकेत हे औषध आलेच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मध्ये चार चाचण्यांचे, 4,105 लोकांचे, एकत्रित विश्लेषण आले. खोट्या गोळीपेक्षा वजनात फायदा 4.7 किलोचा होता. आणि नैराश्यामुळे औषध सोडावे लागणाऱ्यांचे प्रमाण अडीच पट, तर चिंतेमुळे सोडणाऱ्यांचे तिप्पट होते. हृदयविकार टळतो का हे पाहण्यासाठी 18,695 लोकांवर चालू असलेली मोठी चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी चौघांनी आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी एकाने आत्महत्या केली होती. ऑक्टोबर 2008 मध्ये युरोपने विक्री थांबवली. अशाच औषधांवर इतर मोठ्या कंपन्यांत चाललेले काम त्याच सुमारास बंद झाले. आपल्या देशातही हे औषध स्थानिक नावांनी विकले जात होते. डिसेंबर 2009 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली.

ही आकडेवारी मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा फळ्यासमोर थांबते. साडेचार-पाच किलो वजनाच्या बदल्यात माणसाकडून आपण काय मागत होतो? मघाशी सांगितलेले ते उंदीर आठवा, भीती विसरू न शकणारे. भीती उतरवणारे, ताण हलका करणारे जे काही आत आहे, तेच आपण मेंदूभर बंद केले होते. सकाळचा चहा बेचव लागणे आणि सकाळच बेचव होणे यांत फार अंतर नसते. औषध तयार करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. त्यांनी वजन उतरते का हे काटेकोर मोजले. कशात मन लागते का, हा प्रश्न पुरेशा आग्रहाने आणि पुरेसा आधी विचारला गेला नाही.

स्थूलतेच्या दुसऱ्या टोकाला खाण्याचे विकार आहेत. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात, बहुधा किशोरवयात, मुलगी खाणे कमी करत जाते, हाडे दिसू लागली तरी आपण जाड आहोत असे तिला वाटते. मुलांनाही हा आजार होतो. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू ज्या आजारांत होतात, त्यांत याची गणना आहे. बुलिमियात भरमसाट खाऊन नंतर ओकारी काढली जाते. तिसऱ्या विकारात थोड्या वेळात अनावर खाल्ले जाते आणि मागाहून शरम खात राहते. आपल्याकडे या मुलींना कोणी 'नखरे' म्हणते, कोणी 'फॅड' म्हणते, कोणी उपासाचे कौतुकही करते.

2005 मध्ये इटलीत पालमिएरो मोन्तेलेओने यांनी ॲनोरेक्सिया असलेल्या आणि अनावर खाणाऱ्या, अशा दोन्ही गटांतल्या स्त्रियांचे रक्त तपासले. दोन्हींत आनंदामाइड वाढलेले होते. एक उपाशी राहते, दुसरी थांबू शकत नाही, आणि दोघींच्या रक्तात हाक एकच आहे. 2011 मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठात मेंदूची विशेष छायाचित्रे घेतली गेली. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांच्या मेंदूत सीबी-वनची उपलब्धता वाढलेली दिसली. इन्सुला हा चवीची आणि शरीराच्या आतल्या जाणिवांची नोंद घेणारा भाग. तिथे ती ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया या दोन्हींत वाढलेली होती. याचा एक संभाव्य अर्थ असा की उपाशी मेंदू आपले कान आणखी टवकारतो, आनंदाचा बारीकसा निरोपही चुकू नये म्हणून. त्या मुलीच्या आतले सगळे तिला खा म्हणून विनवते आहे, आणि आजार तिला ते ऐकू देत नाही. तिच्या इच्छाशक्तीत काही कमी असल्याचे यात कुठे दिसते?

मग तिला टीएचसी द्यावे का? हा प्रश्न साहजिक आहे. कर्करोगाच्या उपचारांतली मळमळ आणि एड्समधली भूकमंदी यांसाठी कृत्रिम टीएचसी, म्हणजे ड्रोनाबिनॉल, अमेरिकेत अनुक्रमे 1985 आणि 1992 पासून मान्य आहे. ॲनोरेक्सियात 1983 मध्ये अमेरिकेत 11 रुग्णांवर ते वापरून पाहिले, तेव्हा वजन वाढले नाही आणि काहींची मनःस्थिती उलट बिघडली. 2014 मध्ये डेन्मार्कमध्ये जुनाट ॲनोरेक्सिया असलेल्या 25 स्त्रियांना अगदी लहान मात्रा चार आठवडे दिली. खोट्या गोळीच्या तुलनेत वजन पाऊण किलोच्या आसपास जास्त वाढले. फायदा खरा होता, पण लहान होता. ॲनोरेक्सियात भूक मेलेली नसते, भुकेची भीती बसलेली असते. ती काढायला घरातल्यांची साथ, मानसोपचार, नियमित आहार आणि पुष्कळ दिवस लागतात. गांजाची चिलीम हा उपाय नव्हे. तरुण मेंदूला तिचे धोके वेगळे आहेत, आणि कायद्यानेही गांजा व चरस आपल्याकडे निषिद्ध आहेत.

संशोधन पुढे चालू आहे. मेंदूत न शिरता फक्त यकृत, चरबी आणि आतडी इथल्या सीबी-वनला अडवणारी औषधे घडवण्याचा प्रयत्न होत आहे. अशाच एका औषधासाठी 2023 मध्ये डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कने कॅनडाची इन्व्हर्सागो ही कंपनी विकत घेतली. ते औषध मॉनलुनाबँट. सप्टेंबर 2024 मध्ये 243 लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. 16 आठवड्यांत 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे वजन 7.1 किलोने उतरले, खोटी गोळी घेणाऱ्यांचे 0.7 किलोने. मात्रा वाढवून वजनात फारशी भर पडली नाही. चिंता, चिडचिड, झोपमोड मात्र मात्रेबरोबर वाढली. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा बोलबाला आज आपल्या शहरांतही आहे. ती वेगळ्या मार्गाने, आतड्यांच्या हार्मोनच्या मार्गाने, काम करतात आणि ज्यांना गरज आहे त्यांना ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर मिळावीत. पण कुठलेही औषध सुरू करताना आणि चालू असताना मनाची विचारपूस झालीच पाहिजे. रिमोनाबँटने हा धडा फार महाग शिकवला आहे.

मग आपल्या हातात काय आहे? एक साधी गोष्ट झोप. 2016 मध्ये शिकागोत एरिन हॅनलन आणि ईव्ह व्हान कॉटर यांनी 14 निरोगी तरुणांना चार रात्री साडेचार तासच झोपू दिले. एरवी रात्री उतरून दुपारपर्यंत हळूहळू वाढणारे टू-एजी त्या दिवसांत जास्त वर गेले आणि संध्याकाळपर्यंत वरच राहिले. भरपूर जेवण झालेले असतानाही ते तरुण गोड-खारट खाण्यावरचा हात आवरू शकले नाहीत. रात्रपाळी करणारा कामगार, परीक्षेसाठी जागणारी मुलगी, मोबाइल हातात घेऊन एक वाजवणारे आपण सगळे, दुसऱ्या दिवशी चार वाजता वडापावच्या गाडीशी उभे असतो. तिथे उभे राहण्याची तयारी आदल्या रात्रीच झालेली असते.

दुसरी गोष्ट आपल्या जिभेवर आहे, बोलण्याच्या जिभेवर. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि सुमारे 23 टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा स्थूल गटात आले. त्याच वेळी जवळजवळ 19 टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. एका घरात, एका ताटाभोवती ही दोन्ही माणसे असू शकतात. त्यांतल्या एकाला आपण 'जिभेवर ताबा नाही' म्हणतो आणि दुसरीला 'अंगाला काही लागत नाही' म्हणतो. नात्यातली काकू लग्नघरात सर्वांदेखत म्हणते, 'किती सुटलीस गं!' त्या वाक्याने कोणाचे वजन उतरल्याचे मी पाहिलेले नाही. त्या वाक्यानंतर जेवण सोडलेल्या मुली मात्र मी पाहिल्या आहेत. अपमानाने ताण वाढतो आणि ताण उतरवण्यासाठी शरीर ज्या यंत्रणेकडे धाव घेते, तीच खाण्याचीही यंत्रणा आहे. टोमणा मारणारा माणूस नकळत त्याच भुकेला हात देत असतो.

आनंद आणि भूक शरीराने एकत्र बांधली, कारण त्याशिवाय जन्मलेले पिल्लू दूध ओढणार नव्हते. ही गाठ सोडवण्याचा हट्ट धरू नये. तिचा मान राखून जगण्याची रीत शिकावी. खाण्याबाहेरही आनंद मिळत असेल, कोणाशी मन मोकळे करता येत असेल, रात्री झोप येत असेल, तर पानातल्या जिलबीवर सगळा भार पडत नाही. स्थूल माणसाला उपचार लागतात, तसाच आदर लागतो. न जेवणाऱ्या मुलीला आग्रहापेक्षा सोबत लागते, आणि वेळेवर मानसोपचारतज्ज्ञ लागतो. गावात तसा तज्ज्ञ नसेल, तर तो आणण्याची मागणी करणे हे आपल्यासारख्या जमलेल्या लोकांचे काम आहे.

श्रोतेहो, ज्या डॉक्टरांना आपण आज स्मरतो, त्यांच्या हयातीच्या बऱ्याच काळात आनंदामाइडचे नावही कोणी ऐकले नव्हते. तरी ते बरोबर जागी बोट ठेवत होते. आज घरी गेल्यावर, जो तुमच्या घरात जास्त खातो आणि जी कमी खाते, त्या दोघांच्या शेजारी जरा बसा. वजनाचा विषय काढू नका. डॉक्टरांचे तीन प्रश्न विचारा. जेवण जातं का? झोप लागते का? कशात मन लागतं का? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.